मुर्शिदाबादला क्रूझचा एकच दिवस मिळतो, तो नीट कसा वापरायचा

कोलकात्याहून निघून हुगळीतून वर वर मुर्शिदाबादपर्यंत जाणाऱ्या रिव्हर क्रूझला हल्ली पुण्या-मुंबईची, नागपूरची बरीच मंडळी जायला लागलीयत. जाऊन आलेल्यांना विचारलं तर सांगतात कालना आवडलं, मायापूर बघितलं, जेवण मस्त होतं, आणि मुर्शिदाबाद? तर "हो, तो हजार दारांचा वाडा ना, बघितला की." बस्स, एवढंच. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण हे शहर अठराव्या शतकात बंगाल, बिहार, ओरिसा या सगळ्या सुभ्याची राजधानी होतं, इंग्रजांचं राज्य देशभर पसरलं त्याची सुरुवात इथल्या दरबारातल्या फितुरीतून झाली, आणि आपल्या नागपूरकर भोसल्यांची घोडी थेट इथल्या बाजारात घुसली होती, म्हणजे मराठी माणसाला तरी हे शहर परकं वाटायचं काही कारण नाही.

अडचण अशी होते की क्रूझवाल्यांच्या कागदावर "फुल डे सिटी टूर" लिहिलेलं असतं आणि त्यात दहा-बारा ठिकाणं कोंबलेली असतात, सकाळपासून उतरा-चढा, उतरा-चढा, आणि दुपारनंतर कुठली मशीद कुठली, कुठला नवाब कुणाचा कोण, काही लक्षात राहत नाही. म्हणून मी ज्यांना ज्यांना सांगतो त्यांना एकच सांगतो, तीन कबरी, एक राजवाडा आणि तुमच्या आवडीचं एक जास्तीचं ठिकाण, एवढंच धरा. कबरी बघायला कशाला जायचं असं वाटेल, पण मुर्शिदाबादमध्ये नवाबांच्या वेळचे मूळ महाल जवळजवळ उरलेलेच नाहीत, काही नदीनं खाल्ले, काही पडले, आणि जे उरलंय ते या कबरींपाशी आहे.

आदल्या रात्री बोटीवर चार नावं पाठ करून घ्या, फक्त चार. पहिला मुर्शिद कुली खान, औरंगजेबाचा दिवाण, त्यानं ढाक्याहून कचेरी इथं हलवली आणि गावाला आपलं नाव दिलं. हा मूळचा दख्खनकडचा ब्राह्मणाचा मुलगा, लहानपणी विकला गेला आणि इराणी घरात वाढला असं सांगतात, आणि पुढे त्यानं आपल्या वऱ्हाडच्या दिवाणाकडेही नोकरी केली होती. दुसरा अलिवर्दी खान, यानं 1740 मध्ये मुर्शिद कुलीच्या नातवाला मारून गादी घेतली. तिसरा सिराज उद्दौला, अलिवर्दीच्या मुलीचा मुलगा, 1757 ला प्लासीला हरला तो. चौथा मीर जाफर, सिराजचा सेनापती, जो ऐन लढाईत फौज घेऊन बाजूला उभा राहिला आणि मग नवाब झाला. ही चार नावं क्रमानं डोक्यात बसली की दुसऱ्या दिवशी गाईडनं कितीही भराभर सांगितलं तरी तुम्ही हरवत नाही.

आता वेळेचं, हे फार महत्त्वाचं आहे. क्रूझचा सीझन थंडीचा, आणि बंगाल आपल्यापेक्षा बराच पूर्वेला, त्यामुळे डिसेंबरात तिकडे संध्याकाळी पाचला सूर्य मावळलेला असतो. आपल्या डोक्यात सहा-साडेसहापर्यंत उजेड असतो हे पक्कं बसलेलं असतं आणि मग "कटरा मशीद चारनंतर बघू" म्हणणारे अंधारात फोटो काढत बसतात. सगळं बाहेरचं, उघड्यावरचं, साडेचारच्या आत उरकायचं असं धरून चाला. दुसरं म्हणजे धुकं. डिसेंबर-जानेवारीत सकाळी नदीवर असं दाट धुकं येतं की बोट हलवतच नाहीत, भागीरथीला (इथं हुगळीला हेच नाव) पाणी कमी, वाळूचे पट्टे सरकत राहतात (नदीत वर्षभर जे पाणी दिसतं तेही बरंचसं 1975 पासून फरक्काच्या बंधाऱ्यातून कालव्यानं सोडलेलं), त्यामुळे कॅप्टन थांबला तर चिडू नका, तो बरोबर असतो. पण याचा अर्थ तुमचा दिवस दोन तासांनी कापला जाऊ शकतो, म्हणून काय सोडायचं ते आधी ठरवून ठेवा. माझ्या मते सोडायचं ते मोतीझील पार्क, नसिपूर राजबाडी आणि शॉपिंगचा दुसरा राऊंड.

बोट बऱ्याचदा धक्क्याला लागत नाही, सरळ मातीच्या काठाला नाक टेकवते आणि एक लाकडी फळी टाकतात, खलाशी दोन्ही बाजूंनी बांबू धरून उभे राहतात आणि त्याला धरून उतरायचं. दव पडलेलं असतं, काठ निसरडा असतो. त्यामुळे मागे पट्टा असलेले सँडल किंवा साधे ग्रिपवाले शूज घाला, मशिदीत आणि देवळांत सारखे काढायला लागतात म्हणून लेसवाले नकोत. गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी आदल्या दिवशीच क्रूझच्या माणसाला सांगून ठेवावं, ते एक माणूस सोबत देतात, लाजायचं काही नाही. जवळ पाण्याची बाटली, टोपी, सकाळसाठी शाल, ओळखपत्र, आणि दहा-वीसच्या सुट्ट्या नोटा भरपूर, टोटोवाला, चहावाला, चपला सांभाळणारा, सगळ्यांना सुट्टेच लागतात. टोटो म्हणजे तिकडची ई-रिक्षा. आणि हो, गावाला लोक लालबाग म्हणतात, टोटोवाल्याला "मुर्शिदाबाद जायचंय" सांगितलं तर तो म्हणेल मुर्शिदाबादमध्येच तर उभे आहात.

सकाळी सगळ्यात आधी खुशबाग. हे नदीच्या पलीकडे, पश्चिम काठावर आहे, मुख्य शहर पूर्व काठावर. गाईड लोक बरेचदा हे शेवटी ठेवतात किंवा "टाईम मिला तो" म्हणतात, तर तुम्ही हट्ट धरा की पहिलं हेच. एक तर राजवाड्याचं म्युझियम उघडायला नऊ वाजतात, तोपर्यंतचा वेळ फुकट जात नाही, आणि सकाळी इथं जवळपास कुणीच नसतं. उंच विटांची भिंत, आत बाग, गुलाबाचे वाफे, आणि मधोमध सपाट छताची एक बैठी इमारत, घुमट नाही, मिनार नाही, काही नाही. आत अलिवर्दी खान, आणि त्याच्या जवळच सिराज. प्लासी झाली 23 जूनला, सिराज पळाला, पकडला गेला आणि 2 जुलैच्या रात्री त्याला मारलं, आणि आजोबांच्या शेजारी आणून पुरलं. त्याची बायको लुत्फुन्निसा पुढे ढाक्याच्या कैदेतून परत आली आणि मरेपर्यंत या कबरींची देखभाल करत राहिली, तिची कबरही इथंच आहे. कबरी अगदी साध्या आहेत, जमिनीपासून थोड्या उंच, वर कधी चादर, कधी नुसती फुलं. इथं अर्धा-पाऊण तास द्या. गाईडला बोलू द्या आणि मग दहा मिनिटं एकटे फिरा, बाहेरच्या भिंतीत बंदुकांसाठी ठेवलेली भोकं दिसतात ती बघा.

इथंच आसपास डाहापाडा म्हणून भाग आहे, तो आपल्या दृष्टीनं महत्त्वाचा. 1742 च्या मे महिन्यात अलिवर्दी राजधानीपासून लांब अडकला होता, तेव्हा रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर यांच्या फौजेची एक तुकडी मीर हबीब नावाच्या नवाबाच्याच फुटलेल्या सरदारानं वाट दाखवत इथं आणली, त्यांनी आधी या काठावरचा डाहापाड्याचा बाजार जाळला, मग नदी उतरून शहरात गेले आणि नवाबांचा सावकार जगतशेठ याची पेढी लुटली. किती नेलं याचा आकडा कुणी लाखांत सांगतं कुणी कोटींत. पुढे नऊ-दहा वर्षं हे चालू राहिलं, 1744 मध्ये बहरामपूरजवळ मानकरा या गावी अलिवर्दीनं बोलणी करायला म्हणून भास्करपंतांना तंबूत बोलावलं आणि सोबतच्या सरदारांसकट कापून काढलं, आणि शेवटी 1751 ला तह झाला, ओरिसाचा महसूल आणि वर्षाला बारा लाख चौथाई नागपूरकरांना. बंगाल्यांच्या आठवणीत हा सगळा काळ "बर्गी" (म्हणजे लुटायला आलेले मराठे घोडेस्वार) म्हणून आहे, गावं जाळली, माणसं मारली, बायकांवर अत्याचार झाले, आणि लहान मुलांना झोपवायच्या गाण्यातसुद्धा बर्गी आहेत. गाईडला कळलं की तुम्ही महाराष्ट्रातले तर तो थोडा चाचरतो किंवा हसून विषय काढतो. तेव्हा कृपा करून वाद घालू नका. शांतपणे ऐका, प्रश्न विचारा. आपल्या शाळेच्या पुस्तकात जी मोहीम एका ओळीत संपते ती ज्यांच्या अंगावर आली त्यांच्याकडून ऐकायची संधी दुसरीकडे कुठं मिळणार, आणि माझ्या अनुभवात तुम्ही ऐकून घेतलं की मग ती माणसं मनापासून बोलतात आणि मानकरा इथला दगाही स्वतःहून सांगतात.

नदी उतरायला क्रूझची छोटी बोट असतेच, पण जमलं तर एकदा गावच्या फेरीनं जा, गाईडला सांगितलं की तो नेतो. भुटभुटी म्हणतात तिला, लाकडी नाव आणि डिझेलचं इंजिन. वर फळ्यांचा सपाट डेक, त्यावर मोटारसायकली, सायकली, भाजीच्या पाट्या, एखादी शेळी, शाळेची पोरं आणि त्यांच्यामध्ये आपण, कुणी बसत नाही, सगळे उभे, आणि पाच-सात मिनिटांत पलीकडे. पोहता न येणाऱ्यांनी किंवा ज्येष्ठांनी क्रूझच्याच बोटीनं लाईफ जॅकेट घालून जावं, त्यात काही कमीपणा नाही.

पलीकडे गेल्यावर हजारदुआरी. आधी हे स्पष्ट करून घ्या की हा वाडा सिराजचा नाही, अलिवर्दीचाही नाही. 1829 ला पाया घातला आणि 1837 ला पूर्ण झाला, म्हणजे प्लासीनंतर ऐंशी वर्षांनी, जेव्हा नवाब हुमायून जाह हा इंग्रजांच्या पेन्शनवरचा नावाचा नवाब होता, आणि बांधला डंकन मॅकलिऑड या इंग्रजांच्या इंजिनिअरनं. म्हणून तो कोलकात्याच्या एखाद्या सरकारी कचेरीसारखा दिसतो, मोठे खांब, रुंद दगडी पायऱ्या. हजार दारांपैकी नऊशे खरी, शंभर खोटी, भिंतीतच हुबेहूब काढलेली, मुलं बरोबर असतील तर त्यांना खोटी दारं शोधायला लावा, अर्धा तास मजेत जातो. सत्ता गेल्यावर थाट किती वाढला हे बघायला हा वाडा बघायचा, आणि खुशबागेतून थेट इथं आलात की ते न सांगता कळतं, म्हणूनच मी तो क्रम सांगतो.

आत पुरातत्त्व खात्याचं म्युझियम आहे, शुक्रवारी बंद असतं, तर बुकिंग करतानाच बघा की तुमचा मुर्शिदाबादचा दिवस शुक्रवार तर नाही, क्रूझवाल्यांना विचारायला कचरू नका. आत फोटो चालत नाहीत, सामान बाहेर ठेवावं लागतं, म्हणून कमीत कमी घेऊन जा. दीड तास पुरे. शस्त्रांचा विभाग, दरबार हॉलचं प्रचंड झुंबर आणि ते दोन आरसे, काटकोनात असे लावलेत की आपण समोर उभे राहिलो तर आपलाच चेहरा दिसत नाही, बाकीच्यांचे दिसतात, तिथं नेहमी रांग असते. रविवारी आणि नाताळच्या आठवड्यात सगळा बंगाल इथं सहलीला येतो, तेव्हा नऊला दारात असाल तरच निवांत बघून होतं. समोरचा लांबच लांब पांढरा इमामबाडा 1847 चा, जुना जळाल्यावर बांधलेला, दोनशे मीटरहून लांब, आत सहसा मोहरममध्येच सोडतात, त्यामुळे बाहेरून बघायचा. मैदानात मधे घड्याळाचा मनोरा आणि एक मोठी तोफ आहे, चालता चालता होऊन जातं.

जेवायला बोटीवर परत जायचं असेल तर गेलं पाहिजे, पण त्यात येऊन-जाऊन दीड-दोन तास मोडतात आणि नेमका उजेडाचा वेळ जातो. मी तर म्हणेन आदल्या दिवशी पॅक लंच मागून घ्या, नाहीतर लालबागमध्ये साधा भात-डाळ-भाजी-मासा मिळतो. शाकाहारी लोकांनी एक लक्षात ठेवा, भाजीत मासा नाही ना हे वेगळं विचारा, "निरामिष" म्हणा, लगेच कळतं. आणि गोडात छानाबडा खा, रसगुल्ला नाही. छान्याचा (म्हणजे ताज्या पनीरचा) गोळा तुपात इतका तळतात की बाहेरून काळसर होतो आणि मग पाकात, वरचं साल चिवट, आत जाळीदार मऊ. मुर्शिदाबाद-बहरामपूरकडचीच ही मिठाई.

दुपारी टोटो ठरवून कटरा मशीद, दोन-तीन किलोमीटर. पूर्ण दिवसातलं माझं सगळ्यात आवडतं ठिकाण हेच. मुर्शिद कुलीनं 1723-24 मध्ये बांधून घेतली, सगळी पातळ लाल विटांची, चौफेर दुमजली खोल्या, मधे मोठं अंगण, कोपऱ्यांवर जाड बुटके वाटतील असे मिनार, चारातले दोन उरलेत. पाच घुमट होते, 1897 च्या भूकंपात बरेच गेले, आणि घुमट पडलेल्या जागी आता वर सरळ आकाश दिसतं. पण तुम्ही आत जाताना पायऱ्यांपाशीच थांबा. पूर्वेकडच्या पायऱ्या चढून आपण अंगणात येतो आणि बहुतेक लोक तसेच पुढे जातात, तर परत खाली उतरा, पायऱ्यांच्या खालीच एक छोटं दार आहे, त्यात वाकून बघितलं की अंधारात एक कबर दिसते. तो मुर्शिद कुली खान. त्याचीच इच्छा होती म्हणे की नमाजाला येणाऱ्यांच्या पायाची धूळ आपल्या अंगावर पडावी. शहराला स्वतःचं नाव देणारा माणूस पायऱ्यांखाली झोपलाय, हे तिथं उभं राहून बघण्यासारखं आहे, ऐकण्यासारखं नाही. तीनच्या सुमारास गेलात तर ऊन तिरपं होऊन विटा लाल पेटल्यासारख्या दिसतात, फोटोवाल्यांनी हा वेळ सोडू नये.

तिथून जवळच तोपखाना, तिथं जहानकोषा तोफ ठेवलीय. साडेसतरा फूट लांब, सात टनांच्या वर वजन, 1637 ला ढाक्यात जनार्दन कर्मकार या लोहारानं बनवली, आणि कारागिराचं नाव टिकून राहिलंय याचंच मला विशेष वाटतं. दहा मिनिटं बास.

मग उत्तरेकडे जाफरगंज, तिसरी कबर, मीर जाफरची. भिंतीआड मोठं कबरस्तान आहे, मीर जाफर, त्याच्या बायका, पुढचे नवाब, एकाशेजारी एक, हजाराच्या वर कबरी. रस्त्यावरच त्याच्या वाड्याची पडकी देवडी आहे, तिचं नाव लोकांनी नमकहराम देवडी ठेवलंय आणि आजही टोटोवाला तेच नाव सांगतो, सिराजला तिथंच मारलं असं म्हणतात. सकाळी सिराजची कबर बघितलेली असल्यामुळे इथं वेगळं काही समजवावं लागत नाही. पंधरा-वीस मिनिटं, पुष्कळ झालं.

आता जास्तीचं ठिकाण. वेळ तीन-साडेतीनचा असेल आणि बोट लालबागच्याच काठाला असेल तर काठगोला बाग, जैन डुगर घराण्याचा बंगला, आदिनाथाचं सुंदर मंदिर, पायऱ्यांची विहीर, पुतळे, सगळं जरा दिखाऊ पण प्रसन्न. पण बऱ्याच बोटी रात्री पलीकडे अजीमगंजजवळ बडनगरला थांबतात, तसं असेल तर काठगोला सोडा आणि उजेड असेपर्यंत बडनगरची चार बांगला देवळं गाठा. नाटोरच्या राणी भवानीनं अठराव्या शतकात बांधलेली, एका छोट्या चौकाच्या चार बाजूंना चार देवळं, झोपडीच्या छपरासारखी वाकलेली छतं, आणि भिंतीवर टेराकोटाची इतकी बारीक नक्षी की रामायणातली माणसं, मिरवणुका, युरोपियन शिकारी सगळं तळहाताएवढ्या फरशीत. देवळं गावाच्या मधेच आहेत, बाजूला कडबा, कोंबड्या, पोरं खेळतायत. मला दोन्हीतलं एक निवडायला सांगितलं तर डोळे मिटून बडनगर.

साडीसाठी लालबागच्या दुकानांत घाई करू नका. मुर्शिदाबाद सिल्क हलकं, मऊ, प्रिंटची साडी चांगली मिळते, आणि उत्तरेकडच्या जियागंजकडे तांतीपाड्यात विणकरांकडे माग बघायला नेतात तिथून घेतली तर पैसे थेट विणणाऱ्याकडे जातात. बालुचरी हवी असेल तर एवढं माहीत असू द्या की तिचं मूळ गाव बालुचर म्हणजे हेच जियागंज, पण ती कला इथून गेली आणि आता खरी बालुचरी विष्णुपूरला विणतात, त्यामुळे "इथलीच जुनी बालुचरी" म्हणून कुणी दाखवली तर नीट विचारपूस करून घ्या. गाईडनं नेलेल्या दुकानात भाव जास्त असतो, पण अर्धाच भाव पाडून मागायची आपली सवय विणकराच्या घरी मात्र चालवू नका, एका साडीमागे त्याचे कित्येक दिवस गेलेले असतात.

परतीचा टोटो सकाळीच ठरवून ठेवा आणि त्याला घाटाचं नाव पाठ करून सांगा, "क्रूझवाली बोट" म्हणून चालत नाही कारण एकावेळी दोन-तीन बोटी वेगवेगळ्या घाटांना उभ्या असतात, अंधार पडलेला असतो आणि काठावर दिवे नसतात. मोबाईलमध्ये सकाळी उतरतानाच लोकेशन सेव्ह करा, आणि एक छोटी टॉर्च खिशात असू द्या, त्या फळीवर चढताना लागतेच.